चढासाठी हलके गिअर: दातांचं गणित आणि पायांचं म्हणणं

शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर नेणारा, म्हणजे आठ टक्क्यांचा चढ समोर आहे. सायकलस्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून वजन 82 किलो. नियमित सायकल चालवणारा, पण शर्यतीत न उतरणारा हा माणूस चढावर सलग 150 वॅट ताकद देतो असं धरू. गुरुत्वाकर्षण, टायरचं घर्षण, थोडीशी हवा आणि चेनमध्ये वाया जाणारा अंश हिशेबात घेतला की वेग येतो सेकंदाला सुमारे 2.1 मीटर, ताशी साडेसात किलोमीटर. रोड बाईकच्या चाकाचा घेरही जवळपास 2.1 मीटरच असतो. म्हणजे या चढावर चाक सेकंदाला एक फेरा घेणार, मिनिटाला 60. तुम्ही कोणताही गिअर लावा, हा आकडा हलत नाही, कारण तो वजन, चढ आणि ताकद यांनी ठरवलेला आहे. गिअर फक्त एवढंच ठरवतो, की चाकाच्या त्या 60 फेऱ्यांसाठी पाय किती वेळा फिरतील.

पुढच्या चेनरिंगचे, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकतीचे दात भागिले मागच्या चाकावरच्या चकतीचे दात, हे गिअरचं गुणोत्तर. जुन्या शर्यतीच्या सायकलींवर पुढे 39 आणि मागे 25 हा सर्वांत हलका गिअर असायचा. गुणोत्तर 1.56, म्हणजे आपल्या चढावर पाय मिनिटाला जेमतेम 38 वेळा फिरणार. पुढे 34 आणि मागे 28 असेल, तर 49. दोन्हीकडे 34 असतील, तर पाय आणि चाक बरोबरीने 60. पुढे 30, मागे 34 केलं, तर 68. आणि हा झाला एकसारखा चढ. खरा चढ मध्येच बारा टक्क्यांचा होतो, चाक मिनिटाला चाळीसेक फेऱ्यांवर येतं, आणि 39-25 वाल्याचे पाय 26-27 वर. इथे सायकल नीट तोलणंही अवघड होतं, मग माणूस रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जायला लागतो.

आता पायडलवरचा जोर पाहू. ताकद म्हणजे जोर गुणिले वेग. ताकद 150 वॅटच ठेवायची आणि पाय हळू फिरवायचे, तर प्रत्येक फेऱ्यात जोर वाढणारच. 170 मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, मिनिटाला 38 फेऱ्यांसाठी सरासरी 22 किलो वजनाइतका जोर लागतो, 60 फेऱ्यांसाठी 14 किलो. ही सरासरी झाली. जोर सगळ्या वर्तुळात सारखा नसतो. क्रँक आडवा असताना तो शिगेला पोचतो आणि सरासरीच्या साधारण दुप्पट होतो. गुडघ्याच्या वाटीमागचा दाब याच जोराबरोबर वाढतो. लांब चढानंतर गुडघे बोलायला लागतात, त्याचं एक मोठं कारण हे.

स्नायूंची बाजू तर याहून रंजक आहे. आर्चिबाल्ड हिल या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1938 साली दाखवून दिलं, की स्नायू जितका वेगाने आखडतो तितका कमी जोर देऊ शकतो, आणि या दोहोंचा गुणाकार, म्हणजे ताकद, मधल्या वेगाला सर्वांत जास्त असते. फार हळू आणि फार जोर लावून काम करणं हा स्नायूंचा सोयीचा प्रांत नव्हे. त्यात स्नायूंमध्ये धागे दोन प्रकारचे. मंद धागे ऑक्सिजनवर तासन्‌तास चालतात. वेगवान धागे मोठा जोर देतात, पण साठवलेली साखर भराभर संपवतात आणि लवकर थकतात. जोराची मागणी वाढली की शरीर या दुसऱ्या गटाला कामाला लावतं. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलस्वारांना तेवढाच ऑक्सिजन लागेल अशा बेताने मिनिटाला 50 आणि 100 फेऱ्यांनी पायडल मारायला लावलं आणि मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. 50 फेऱ्यांच्या वेळी वेगवान धाग्यांमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे त्या साखरेचा साठा जास्त रिकामा झालेला होता. शिवाय करकचून आखडलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे नेमका गरजेच्या वेळी रक्तपुरवठा अडतो. मांड्या भरून येतात त्या अशा.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रयोगशाळेत मध्यम ताकदीवर सर्वांत कमी ऑक्सिजन लागतो तो बहुतेकदा मिनिटाला 50-60 फेऱ्यांना. तरीही सरावलेले सायकलस्वार सपाटीवर आपसूक 80 ते 100 फेऱ्या पसंत करतात. थोडा जास्त श्वास खर्च करून ते पायांचा थकवा पुढे ढकलतात. एकेक पायरीने जिना चढणारा दोन-दोन पायऱ्या टाकणाऱ्यापेक्षा जास्त पावलं टाकतो, पण पाचव्या मजल्यावर त्याच्या पायांत जीव शिल्लक असतो. श्वास मिनिटभरात जागेवर येतो. रिकाम्या झालेल्या मांड्या त्या दिवशी परत भरत नाहीत.

एवढं असूनही हलक्या गिअरला कमीपणा चिकटला आहे, आणि तो फार जुना आहे. 1903 साली टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर बदलण्याची सोय म्हणजे दुबळ्यांची पळवाट वाटे. त्यांच्या शर्यतीत पर्वत होते, पण डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी 1937 साली मिळाली. तोवर स्पर्धक चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढत आणि उलटं बसवत, कारण दुसऱ्या बाजूला मोठी चकती असे. दरम्यान सेंत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही अनेक गिअरांचा हिरिरीने पुरस्कार करत राहिले. काळाने त्यांची बाजू घेतली. आज व्यावसायिक स्पर्धकही तीव्र चढाच्या दिवशी मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा मोठा संच, लावतात, आणि त्यांची ताकद आपल्या दुप्पट-अडीचपट असते. मग आपण 25 दातांवर का कुढत बसायचं?

बदल करायचा तर आधी मागे पाहावं. 11-28 ची (सर्वांत लहान चकती 11 दातांची, सर्वांत मोठी 28 ची) कॅसेट काढून 11-34 ची बसवली, की सर्वांत हलका गिअर जवळजवळ 18 टक्क्यांनी हलका होतो. पण ही कॅसेट तुमच्या डिरेलरला झेपली पाहिजे. डिरेलरचे दोन आकडे बघायचे: सर्वांत मोठी चकती किती दातांची चालते, आणि एकूण क्षमता किती. क्षमता म्हणजे किती ढिली चेन तो गोळा करू शकतो. पुढे 50 आणि 34 दातांच्या दोन रिंगा असतील तर फरक 16, मागे 11-34 चा फरक 23, बेरीज 39. शिमानो कंपनीच्या 105 या गिअरसंचाच्या आर-7000 मालिकेतला आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या दोन छोट्या चाकांची चौकट) डिरेलर 30 दात आणि 35 क्षमतेपर्यंतच जातो. मध्यम पिंजऱ्याचा 34 दात आणि नेमकी 39 क्षमता पेलतो. दिसायला दोघे सारखेच, फरक दोन छोट्या चाकांमधल्या अंतराचा. डिरेलरच्या मागे एक बारीक स्क्रू असतो, बी-टेन्शनचा. तो आत घेत गेलं की वरचं छोटं चाक कॅसेटपासून दूर सरकतं. सर्वांत मोठ्या चकतीचे दात आणि त्या चाकाचे दात यांत साधारण पाच-सहा मिलिमीटर फट राहायला हवी. फट नसेल तर पायडल मारताना खरखर ऐकू येते.

पुढचं काम जास्त खर्चिक, कारण तिथे भूमिती आडवी येते. चेनरिंग ज्या पाच बोल्टांवर बसते, त्यांच्या वर्तुळाचा व्यास 130 मिलिमीटर असेल तर 38 पेक्षा लहान रिंग बसतच नाही. बोल्टच दातांच्या जागेत येतात. 34 ची रिंग हवी तर 110 चा व्यास लागतो, म्हणजे क्रँकच बदलायचा. त्याहून खाली 46-30 चे क्रँकही मिळतात. मात्र पुढचा डिरेलर तेवढा खाली सरकतो का, हे फ्रेमवर पाहून मगच पैसे घालावेत.

किंमत चुकवावी लागते ती गिअरांमधल्या अंतरात. 11-28 मध्ये चकत्या 11, 12, 13, 14, 15 अशा एकेक दाताने वाढतात. 11-34 मध्ये 11 नंतर थेट 13. सपाटीवर घोळक्यात चालवणाऱ्याला ही उडी जाणवते. एकट्याने डोंगर धुंडाळणाऱ्याने तिची फिकीर करू नये असं मला ठामपणे वाटतं. वरच्या टोकाचं नुकसानही नगण्य: 46-11 वर मिनिटाला 90 फेऱ्यांनी ताशी 47 किलोमीटर मिळतात, 50-11 वर 51. एवढ्या वेगाने उतारावर पायडल मारत राहण्याची गरज कितीजणांना पडते?

बदल मागे केला काय, पुढे केला काय, चेन मात्र पुन्हा मोजावीच लागते. 28 ऐवजी 34 ची चकती म्हणजे सहा दात वाढले. चेन चकतीच्या अर्ध्या घेराला कवटाळते, म्हणून तीन दातांइतकी, सुमारे 38 मिलिमीटर चेन जास्त खर्च होते. नवी चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून फिरवायची, टोकं जुळतील तिथून दोन कड्या जास्त ठेवून तोडायची, ही जुनी रीत आजही चालते. मग सायकल स्टँडवर चढवून हातानेच पायडल फिरवत सावकाश मोठी-मोठी जोडी लावून पाहा. ही जोडी कधी वापरायची नसते, पण थकलेल्या माणसाचा हात चुकून तिथे जातोच. पिंजरा पुढच्या बाजूला पूर्ण ताणला गेला आणि त्यात जराही लवचीकपणा उरला नाही, तर चेन आखूड आहे. अशी सायकल रस्त्यावर नेऊ नका, कारण भर चढावर तो गिअर पडला तर डिरेलर हँगरसकट, म्हणजे तो फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यासकट, उखडून चाकाच्या तारांत जातो.