संत पेद्रो नोलास्को आणि बंदिवानांची सोडवणूक

तेराव्या शतकातल्या स्पेनमध्ये माणसे पळवणे हा सरहद्दीवरचा रोजचा व्यवहार होता. दक्षिणेत मुस्लिम सत्ता, उत्तरेत आरागॉन, कॅस्टील ही ख्रिस्ती राज्ये. छापे दोन्हीकडून पडत. सौदा ठरवणारे मध्यस्थही असत. कॅस्टीलमध्ये त्यांना अल्फाकेके म्हणत. ज्याच्या घरी पैसा तो सुटे. मेंढपाळ, कोळी, साधा शिपाई गुलामगिरीत खितपत पडे.

पेद्रो नोलास्को उभे राहिले ते या गरिबांसाठी. परंपरा सांगते की ते बार्सिलोनाचे व्यापारी होते आणि 1203 च्या सुमारास मुस्लिम सत्तेखालच्या व्हॅलेन्सियात त्यांनी पदरच्या पैशाने पहिले बंदिवान सोडवले. पुंजी आटली, तेव्हा देणग्या गोळा करणारी माणसे त्यांनी जोडली. त्यांचे खरे मोठेपण मला इथे दिसते: दयेला त्यांनी हिशेबाची जोड दिली.

10 ऑगस्ट 1218 हा त्यांनी या कामासाठी उभारलेल्या मर्सिडेरियन या ख्रिस्ती धर्मसंघाचा स्थापनादिन मानतात. त्याआधी मरियामातेने नोलास्को, धर्मपंडित रेमंड पेन्याफोर्त आणि आरागॉनचा राजा पहिला जाउमे या तिघांनाही दर्शन दिले, अशी कथा आहे. राजा तेव्हा दहा वर्षांचा होता! नोलास्को यांच्याविषयीची समकालीन कागदपत्रे थोडी आहेत, आणि चरित्राचा बराच भाग सोळाव्या-सतराव्या शतकांत रचला गेला. त्यांच्या मृत्यूचे वर्षही कुणी 1245 देतात, कुणी 1256. पोप आठवे अर्बन यांनी त्यांना संत मानले ते 1628 मध्ये.

संघाला मिळालेली पोप नववे ग्रेगरी यांची 1235 ची मान्यता मात्र पक्की आहे. सुरुवातीला संघात याजकांपेक्षा याजकपदाची दीक्षा न घेतलेले बंधूच पुढे होते. पैसा उभारायचा आणि शत्रूच्या मुलखात जाऊन घासाघीस करायची, हे त्यांचे काम. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन यांच्या जोडीला चौथे व्रत आले: पैसे कमी पडले आणि बंदिवानाची श्रद्धा धोक्यात असेल, तर त्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचे. 1272 च्या नियमावलीत तर गरज पडल्यास प्राण देण्याचीही तयारी नोंदलेली आहे.

मात्र ही सोडवणूक ख्रिस्ती बंदिवानांपुरती होती. संघाचा आश्रयदाता जाउमे याने 1229 मध्ये मायोर्का बेट जिंकले, तेव्हा तिथले असंख्य मुसलमान गुलाम म्हणून विकले गेले.