स्वतःला वगळून मोजलेली रांग

एका संगणक प्रणालीत दहा ठिकाणी रांगा लागतात असं धरा: प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क वगैरे. आत 100 कामं फिरताहेत. कोणत्या रांगेत किती कामं, एवढंच पाहिलं तरी सव्वाचार लाख कोटींहून अधिक शक्यता निघतात.

1967 साली गॉर्डन आणि न्यूवेल यांनी अशा बंद जाळ्यांसाठी (म्हणजे जिथे कामं बाहेर न जाता आतच फिरत राहतात) प्रत्येक शक्यता किती संभवते याचं सूत्र दिलं खरं, पण त्यातला एक स्थिरांक काढायला या सगळ्या शक्यतांची बेरीज लागे. 1973 मध्ये जेफ्री बुझेन यांनी तो एका छोट्या तक्त्यातून काढून दाखवला. मला मात्र 1980 ची रायझर आणि लॅव्हेनबर्ग यांची रीत जास्त आवडते. तिचा गाभा असा: एखादं काम रांगेपाशी पोचतं, तेव्हा त्याला सरासरीने तेवढीच गर्दी दिसते, जेवढी ते काम प्रणालीत नसतंच तर असती. (रांगेत आपणही स्वतःला कुठे मोजतो!)

म्हणून एका कामापासून सुरुवात करायची. सोपं म्हणून दोनच रांगा घेऊ. प्रत्येक फेरीत प्रोसेसरला 40 मिलिसेकंद लागतात, डिस्कला 60. काम एकटंच असेल तर फेरी 100 ची, त्यातला 0.4 वेळ ते प्रोसेसरपाशी, 0.6 डिस्कपाशी. आता दुसरं काम आत सोडा. प्रोसेसरपाशी त्याला सरासरी 0.4 काम आधीच दिसेल, म्हणून 40 × 1.4 = 56; डिस्कपाशी 60 × 1.6 = 96. फेरी 152 ची झाली. सेकंदाला 10 फेऱ्या व्हायच्या, त्या 20 न होता जेमतेम 13 झाल्या. या आकड्यांवरून तिसरं काम, मग चौथं. शंभरापर्यंत जायला दहा रांगांसाठी अशा हजारेक छोट्या पायऱ्या पुरतात.

मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात घडलेलं 'जावा मॉडेलिंग टूल्स' हे मोफत सॉफ्टवेअर हीच आकडेमोड क्षणात करतं. अग्रक्रमाच्या रांगा (काही कामांना आधी घेणाऱ्या) आल्या की ही रीत जशीच्या तशी चालत नाही. तिथे त्याच सॉफ्टवेअरमधलं सिम्युलेशन, म्हणजे प्रणालीची संगणकावरची नक्कल, वापरावं लागतं.

खरी मजा आकडे बदलून पाहण्यात आहे. आपल्या उदाहरणात कितीही कामं कोंबली तरी सेकंदाला 16.7 च्या वर फेऱ्या जाणार नाहीत, डिस्क अडवते. दुप्पट वेगाची डिस्क बसवली की मर्यादा 33 वर नाही, 25 वर जाते. रांग आता प्रोसेसरपाशी लागलेली असते.