दाढेचं दुखणं आणि नसेचं दुखणं

आमच्या मोठ्या आईच्या उजव्या बाजूच्या खालच्या तीन दाढा एका वर्षात गेल्या. त्यातली किडलेली एकच होती. पहिली काढली, आठ दिवसांनी तीच कळ. दुसरी काढली, पुन्हा तीच. तिसरी काढून आल्यावर ओसरीवर बसून ती म्हणाली, "दाढ तं गेली ना बाप्पा, मंग आता हे दुखते काय?"

प्रश्न अगदी नेमका होता. आपल्याकडे जबड्यात काहीही दुखलं की "दाढ दुखते" एवढंच म्हणतात, आणि तालुक्याच्या गावी जाऊन ती काढून येतात.

शेतातलं झटका मशीन, म्हणजे पिकाभोवतीच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र, डोळ्यांसमोर आणा. रोही (नीलगाय) किंवा डुक्कर तारेला भिडलं की सायरन वाजतो. पावसाळ्यात मात्र गवत वाढून तारेला टेकतं, एखादा इन्सुलेटर फुटतो, आणि डुक्कर शिवारात नसतानाही रात्रभर सायरन वाजत राहतो. खाटेवर झोपलेल्याला दोन्ही वेळचा आवाज सारखाच ऐकू येतो. दाढेचं दुखणं म्हणजे तारेला खरंच जनावर लागलेलं असणं, आणि नसेचं दुखणं म्हणजे तारेतच बिघाड असणं.

ही तार म्हणजे वेदना टिपणाऱ्या चेतापेशी. 1906 मध्ये शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांना नोसिसेप्टर म्हटलं. चेहऱ्यावरच्या आणि दातांतल्या तारा ट्रायजेमिनल नावाच्या नसेतून मेंदूकडे जातात. डाव्या बाजूची एक नस, उजव्या बाजूची एक. तारा दोन जातींच्या. पातळ वेष्टण असलेली जात सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर वेगाने खबर नेते. बिनवेष्टणाची जात रेंगाळत, सेकंदाला 2 मीटरपेक्षाही हळू. धुऱ्यावरच्या दगडाला अंगठा ठेचला की आधी झणकन लागतं आणि मागून जळजळ येते, ती या दोन चालींमुळे.

दातात या दोन जातींची कामं आणखी वेगळी दिसतात. चिंच किंवा कच्ची कैरी खाऊन दात आंबले, गार पाण्याने सणक गेली आणि पाणी गिळताच थांबली, तर ती वेगवान तारेची करामत. दाताच्या वरच्या कवचात नसच नसते. त्याखालच्या थरात बारीक नळ्या असतात, त्यांतला द्रव हलला की आतल्या टोकाला तार चाळवते. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून कवच झिजलेल्यांची सणक बहुतेक हीच. (तोंडच पुरतं उघडत नाही अशी वेळ आली की डॉक्टरला आरसाही आत घालता येत नाही, पण खर्ऱ्याचं रडगाणं आज नको.)

कीड गाभ्यापर्यंत गेली की मंद तारा जाग्या होतात. मग सणक जाऊन ठणका येतो. दाताचा गाभा टणक डबीत कोंडलेला, त्यामुळे सुजेला पसरायला जागा नाही. आत दाब वाढतो, आणि आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येऊन ठणका दुप्पट होतो. रात्री बारा वाजता गाल धरून आंगणात फिरणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सुजेतली रसायनं या पेशींना आणखी हळवं करतात. उष्णता टिपणारं टीआरपीव्ही-1 हे प्रथिन एरवी 43 अंशांच्या आसपास जागं होतं; सूज असली की त्याचा उंबरठा इतका खाली येतो की चहाच काय, अंगाची ऊबही पुरते. मिरचीचा तिखटपणाही याच दारातून शिरतो. भिवापूरकडच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या आवारात, दिवसभर मिरचीची देठं खुडणाऱ्या बाया रात्री हात जळतात म्हणतात, तेव्हा विस्तव कुठेच नसतो. हे प्रथिन 1997 मध्ये शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापूटियन यांच्या जोडीने.

लवंगेच्या तेलाचा आजीचा उपायही बिनबुडाचा नाही. दाताला गार कसं कळतं, याचं एक दार 2021 मध्ये सापडलं, आणि लवंगेतलं युजेनॉल ते दार बंद करतं. कीड मात्र तेलाने जात नाही. आणि दाढेत तंबाखूची चिमूट किंवा ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, गोळीने हिरडी भाजते.

एक गोष्ट फार फसवते. ठणका एके दिवशी आपोआप थांबतो. "बसली दाढ," म्हणून माणूस खुश होतो. पुष्कळदा गाभा मेलेला असतो, म्हणजे सायरनची वायरच जळालेली असते आणि डुक्कर पिकातच असतं. पुढे मुळाशी पू होतो आणि चावलं की दुखतं.

आता मोठ्या आईचं. तिला ठणका नव्हताच. तोंडावर पाणी मारलं, घास चावला, कधी नुसती वाऱ्याची झुळूक गालाला लागली, की करंट लागल्यासारखी कळ. काही सेकंदांची, फार तर मिनिटभराची. मग काही नाही. रात्री ती निवांत झोपायची. हे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, पन्नाशीनंतर जास्त दिसणारं, बायांमध्ये अधिक. बहुतेक वेळा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी नसेवर घासून तिचं वेष्टण झिजवते आणि तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या चुकीचे इशारे देतात. इथे दुखण्याची साधी गोळी चालत नाही. लागते ती फिटांसाठी वापरतात ती कार्बामाझेपिन, तीही डॉक्टरच्या देखरेखीत आणि अधूनमधून रक्त तपासून.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला, आणि मला तोच सगळ्यांत चमत्कारिक वाटतो. दाढ काढली किंवा रूट कॅनाल झालं, जखम भरली, तरी त्याच जागी मंद दुखणं महिनोन्महिने राहतं. तुटलेल्या नसेचं टोक स्वतःच इशारे पाठवायला लागतं, आणि पुढे मेंदूच्या देठातल्या पेशी तो आवाज वाढवून ऐकतात. 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ या शास्त्रज्ञाने उंदरांवर दाखवलं की मार लागून गेल्यावरही मज्जारज्जूतली यंत्रणा हळवीच राहते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. ते मनाचं नसतं, सोंग तर नाहीच. फक्त त्याचं मूळ आता दाढेत नसतं, म्हणून शेजारची दाढ काढून ते जात नाही.

दाढ काढायच्या आधी गार पाण्याची तपासणी, दातावर टकटक आणि एक्स-रे, एवढं मागायला लाजू नये. गाभ्याला नेमकी जागा सांगता येत नाही. खालची दाढ दुखते आणि माणूस वरची दाखवतो, किंवा कान. मोठ्या आईची पहिली दाढ काढणाऱ्याने यातलं काही केलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही.

आता तिची कळ गोळीने पुष्कळ आटोक्यात आहे. उजवीकडे चावायला काही उरलं नाही, भाकर दुधात कुस्करून खाते. गल्लीत कोणी गाल धरून निघालं की हाक मारून थांबवते. "रात्री झोपू देते का वो?" आधी हे विचारते, आणि मग, "तोंड धुताना उठते का?"