बांधाकडेच्या पाच ओळी

बीटी कपाशीचा विषय निघाला की मराठवाड्यात दोन प्रश्न हमखास येतात. हे पोटात गेलं तर काही होईल का? आणि बीटी लावूनही बोंडात अळी कशी? पहिल्या प्रश्नावर वाद रंगतात, दुसऱ्यावर लोक नुसती मान हलवतात. मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. कंपन्यांना जाब विचारायचा असेल तर तो तिथेच विचारता येतो.

पहिला आधी उरकू. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस, मातीत राहणारा एक जिवाणू. त्याचं जनुक कपाशीत घातलं की झाड स्वतःच एक प्रथिन बनवतं. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते सक्रिय होतं, तिथल्या पेशींवर ठरावीक जागी चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. अळीचं खाणं थांबतं आणि ती मरते. माणसाचं जठर आम्लधर्मी असतं, शिवाय चिकटण्याची ती जागाही आपल्या आतड्यात नसते. सरकीचं तेल तर आपण कित्येक वर्षं खातोच आहोत. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही.

म्हणून प्रत्येक नव्या पिकाला डोळे मिटून परवानगी द्यावी असं नाही. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी वांग्याला केंद्राच्या समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये मंजुरी दिली. जाहीर सुनावण्यांत विरोध झाला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. जी भाजी आपण भरून, भाजून खातो तिच्या चाचण्यांचे आकडे लोकांनी मागितले, तर त्यांना अडाणी का ठरवायचं?

आता अळीकडे येऊ. मार्च 2002 मध्ये महिकोच्या तीन संकरित वाणांना मंजुरी मिळाली. जनुक होतं अमेरिकेतल्या मोन्सॅन्टो कंपनीचं. अमेरिकन बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या कमी झाल्या, आणि पाहता पाहता देशातली जवळपास सगळी कपाशी बीटी झाली. 2006 मध्ये दोन जनुकांचं बीजी-2 आलं. मात्र 2010 मध्ये मोन्सॅन्टोनेच मान्य केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी, म्हणजे बोंडात शिरणारी दुसरी अळी, पहिल्या जनुकाला जुमानत नाही. पुढे ती दुसऱ्यालाही जुमानेनाशी झाली. 2017 साली आपल्याकडे बोंडंच्या बोंडं किडली आणि हाती कवडी, म्हणजे डागाळलेला, नीट न फुललेला कापूस आला.

यात अनपेक्षित काहीच नव्हतं. लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच विष पचवणारी निघते. बाकीच्या मेल्या की तिचाच वंश वाढतो. त्यावरचा उपायही बीटीसोबतच आला होता: शेताच्या कडेने नॉन-बीटी कपाशीच्या किमान पाच ओळी लावायच्या. 450 ग्रॅमच्या बॅगेबरोबर 120 ग्रॅमचं पाकीट त्यासाठीच मिळायचं. त्या ओळींवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगतात, आणि होणारी बहुतेक पिल्लं पुन्हा बीटीवर मरतात. पण दोन-तीन एकरवाल्याने अळीला खाऊ घालायला पाच ओळी का द्याव्यात? खर्च त्याचा एकट्याचा, फायदा अख्ख्या शिवाराचा. पाकिटं बांधावर पडून राहिली. त्यातलं बी नीट उगवतच नाही, अशाही तक्रारी होत्या.

शिवाय आपल्याकडे बीटी आलं ते संकरित वाणांत. हे वाण जास्त काळ उभे राहतात आणि त्यांच्यावर फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर तीच झाडं राखून पुढचं पीक, घेतली की अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं. दुसरी भानगड बोंडाच्या आत आहे. संकरित झाडाला जनुक एकाच पालकाकडून मिळत असल्यामुळे बोंडातल्या सगळ्या सरक्यांत ते उतरत नाही. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. काही सरक्यांत विष, काहींत नाही. अशा अर्धवट मात्रेवर प्रतिकारशक्ती लवकर वाढते, असं काही कीटकतज्ज्ञांचं म्हणणं आहे.

हीच अळी, याच जिवाणूची जनुकं, पण अमेरिकेत गोष्ट वेगळी घडली. ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी नॉन-बीटी कपाशीचा नियम पाळला, पुढे विमानातून नपुंसक पतंग सोडले गेले, आणि 2018 मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं सरकारने जाहीर केलं. म्हणजे दोष केवळ तंत्राचा नव्हता, ते राबवणाऱ्या व्यवस्थेचाही होता.

मग जबाबदारी कोणाची? महाराष्ट्राच्या 2009 च्या कापूस बियाणे कायद्यात नुकसानभरपाई मागण्याची सोय आहे. 2017 च्या हंगामानंतर शेतकऱ्यांनी सातबारा आणि बियाण्याची पावती जोडून 'जी फॉर्म', म्हणजे भरपाईच्या तक्रारीचे अर्ज, भरले. हेक्टरी 16,000 रुपये बियाणे कंपन्यांकडून मिळतील, असं सरकारने सांगितलं. कंपन्यांचा युक्तिवाद वेगळा होता: बी उगवलं, त्यात जनुक होतं, मग बियाण्यात दोष कुठे? कागदावर हे पटतंही. पण ज्या वस्तूचा गुण टिकणं पाच ओळींवर अवलंबून आहे, ती विकताना त्या ओळी उभ्या राहतात की नाही हे पाहणं विकणाऱ्याचंही काम आहे. बॅगेमागे जनुकाचं शुल्क घेतलं जात होतं. 2016 मध्ये ते 49 रुपयांवर आणलं गेलं आणि 2020 पासून शून्य झालं. त्याआधीच्या वर्षांत त्या पैशातून पाच ओळींचं नुकसान भरून देता आलं असतं. हे कोणी केलं नाही, आणि सरकारनेही सक्ती केली नाही.

आता नॉन-बीटी बी बॅगेतच मिसळून येतं, हे बरं झालं. परंतु मंजुरी नसलेलं, तणनाशक सहन करणारं 'चोरबीटी' चोरून विकलं जातं. त्या बॅगेला ना लेबल, ना पावती. त्यात नॉन-बीटी मिसळलंय का, मुळात कोणती जनुकं आहेत, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. आणि पीक बुडालं तर जी फॉर्मला जोडायला त्याच्याकडे काही नसतं.