पानामागचे ठिपके : नेच्यांच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

कोकणात किंवा घाटात जुन्या झाडाच्या खोडाला बिलगलेलं बाशिंग अनेकांनी पाहिलेलं असतं. या नेच्याला, म्हणजे फर्नला, दोन तऱ्हेची पानं येतात. खोडालगतची तपकिरी, कडक, बिनदेठाची पानं पालापाचोळा अडवून धरतात. तो कुजतो आणि जमिनीपासून उंचावर बाशिंगाला स्वतःची माती मिळते. दुसरी पानं लांब, हिरवी, खोल कातरलेली, पाठीवर बीजाणूंचे ठिपके मिरवणारी. आपल्या माणसांना यात लग्नातलं बाशिंग दिसलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसला ओकचं पान दिसलं आणि १७५३ साली त्याने हा नेचा पॉलिपोडियम या वंशात घातला.

नेच्याला ना फूल, ना बी. मग भेद करायचा कशावरून? या ठिपक्यांवरून. ते गोल की लांबट, कडेला की शिरेवर. १७९३ मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी ठिपक्यांवरच्या पातळ झाकणाला महत्त्व दिलं. युरोपातल्या मोजक्या नेच्यांपुरतं ते भागलं. पण उष्ण प्रदेशातल्या डोंगरांवरून वाळवलेले नमुने गठ्ठ्यांनी येऊ लागले तेव्हा पॉलिपोडियमची अडगळीची खोली झाली. झाकण नाही? टाका तिकडे! आपल्याकडे १८६० च्या दशकात मद्रास इलाख्याचे वनाधिकारी रिचर्ड बेडोम यांनी दक्षिणेतल्या नेच्यांचे सचित्र ग्रंथ काढले. मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर ब्लॅटर आणि डी'आल्मेडा यांचं पुस्तक १९२२ चं.

खरी उलथापालथ १९४० साली झाली. चीनचे चिंग रेन-चांग यांनी पॉलिपोडिएसी हे अवाढव्य कुल (पॉलिपोडियमसह अनेक वंशांचा गट) फोडून त्याची ३३ कुलं केली. झाकण वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे नाहीसं झालं होतं. त्याच्या नसण्यावरून नातं ठरवणं चूकच होतं. पुढे गुणसूत्रं मोजली गेली, मग डीएनए तपासला गेला. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मांडणीत नेचे आणि त्यांच्याबरोबर अभ्यासले जाणारे मुद्गलवर्गीय (लायकोफाइट, बीजाणूंनीच पसरणाऱ्या वनस्पतींचा दुसरा गट) मिळून ५१ कुलं आणि सुमारे १२ हजार जाती आहेत.

इतक्या जाती डोंगरातच का, याचं उत्तर मला वर्गीकरणाइतकंच मोलाचं वाटतं. बोर्निओतला किनाबालू डोंगर असो की आफ्रिकेतला किलिमांजारो, नेच्यांची सर्वाधिक विविधता पायथ्याला नाही आणि शिखरावरही नाही. ती मधल्या, ढग टेकतात त्या पट्ट्यात आहे. बीजाणू वाऱ्यावर कुठेही जातो. पण तो रुजून नखाएवढी हिरवी चकती तयार झाली की, नर पेशीला स्त्री पेशीपर्यंत पाण्यातून पोहत जावं लागतं. हे जीवनचक्र जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हॉफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये उलगडलं. म्हणून वृक्षनेचे ओढ्याकाठी, हंसराज पाझरत्या दरडीवर आणि एकाच पेशीच्या जाडीची पानं असलेले झिरझिरीत नेचे धबधब्याच्या तुषारांत. उघड्या, जळालेल्या उतारावर टेरिडियम हा नेचा मात्र तग धरतो, कारण त्याचं खोड जमिनीत खोल असतं.

बाशिंगाचा वंश आता ड्रायनेरिया आहे. कुल मात्र पॉलिपोडिएसीच राहिलं.