एकाची मासळी दुसऱ्याच्या नावावर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील मासेमारी नौकांची नोंद ठेवणारा प्रोग्राम पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचा झाला, तर ‘नौका’ नावाचा क्लास, म्हणजे साचा, करून प्रत्येक नौकेसाठी त्या साच्यातून एकेक ऑब्जेक्ट तयार करावा लागेल. (पायथॉन ३ मध्ये अशी नावे देवनागरीतही चालतात.) नौकेचे नाव, तिचा तांडेल (नौकेचा प्रमुख), इंजिनाची शक्ती ही माहिती ज्या त्या ऑब्जेक्टची स्वतःची, म्हणजे इन्स्टन्स अ‍ॅट्रिब्यूट. मात्र पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी सर्व यांत्रिक नौकांना सारखीच लागू असल्यामुळे तिच्या तारखा क्लासमध्ये एकदाच लिहिणे सोयीचे. हे क्लास अ‍ॅट्रिब्यूट झाले.

खरी गोम आहे ती वाचणे आणि लिहिणे यांतील फरकात. ‘जलराणी’ या नौकेच्या ऑब्जेक्टला बंदीची तारीख विचारली, की पायथॉन आधी त्या ऑब्जेक्टमध्येच शोधतो, तिथे न मिळाल्यास क्लासमध्ये आणि तिथेही नसल्यास तो क्लास ज्याच्यावरून बेतला त्या पालक-क्लासमध्ये जातो. पण जलराणीमार्फत नवी तारीख दिली, तर ती क्लासपर्यंत पोहोचतच नाही. जलराणीत त्याच नावाचा वेगळा अ‍ॅट्रिब्यूट तयार होतो आणि क्लासमधली तारीख तिच्यापुरती झाकली जाते. त्यामुळे क्लासमध्ये शून्यावर ठेवलेला ‘एकूण’ हा आकडा प्रत्येक नव्या नौकेच्या ऑब्जेक्टमार्फत एकाने वाढवत गेलो, तर प्रत्येकीपाशी १ दिसतो आणि क्लासमध्ये शून्य तसेच राहते.

यादीच्या बाबतीत नेमके उलटे घडते. क्लासमध्ये ‘मासळी’ ही रिकामी यादी ठेवून जलराणीमार्फत तिच्यात बांगडा अपेंड केला, म्हणजे शेवटी जोडला, तर तो धक्क्याला बांधून ठेवलेल्या ‘एकवीरा’च्या नावावरही दिसू लागतो, कारण अपेंड करणे म्हणजे नवी किंमत देणे नव्हे, असलेल्याच यादीत भर घालणे, आणि ती यादी तर सगळ्यांत मिळून एकच. एरर येत नाही, प्रोग्राम अडत नाही. चूक कळते ती हिशेब जुळेनासा झाल्यावर. ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या इनिट मेथडमध्ये प्रत्येक नौकेला स्वतःची रिकामी यादी दिली, की प्रश्न सुटतो.

बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट असते. त्यांच्यासाठी एकेका ऑब्जेक्टमध्ये तारीख झाकत बसण्यापेक्षा ‘नौका’चा ‘होडी’ हा उपक्लास (‘नौका’ ज्याचा पालक आहे असा क्लास) करून त्यात बंदी नसल्याची नोंद एकदाच करणे मला अधिक बरे वाटते. उद्या सरकारने मुदत बदलली, तरी ‘नौका’ क्लासमधल्या तेवढ्याच तारखा बदलाव्या लागतील.