धुरा कोरला तर दावा, डोकं फोडलं तर फिर्याद

शेजाऱ्यानं वखर फिरवता फिरवता धुरा (शेताचा बांध) कोरला आणि तुमची दोन तासं (नांगराच्या ओळी) आपल्या वावरात ओढली. तुम्ही विचारायला गेलात, तर हाणामारी झाली. आता भांडणं दोन झाली, अन् गावात बहुतेक जण त्यांची एकच केस समजतात.

घोळ होण्याचं कारण कोर्टाच्या पाटीवरच आहे. तालुक्याला बहुधा 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी' असं लिहिलेलं असतं. खुर्ची एक, साहेब एकच, कामं मात्र दोन.

मारहाणीची केस फौजदारी. ती तुमच्या नावानं नाही, सरकारच्या नावानं चालते. तुम्ही फिर्यादी आणि साक्षीदार. नुसत्या थापडबुक्क्या असतील तर पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय तपास करत नाहीत. कुऱ्हाड चालली तर थेट गुन्हा. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी जास्तीत जास्त ३ वर्षं कैद देऊ शकतात. खुनाचा खटला त्यांच्याकडून सत्र न्यायालयात जातो.

पण शेजारी आत गेला तरी धुरा सरकला तिथंच राहतो! तो परत हवा असेल तर दिवाणी दावा. इथं वादी तुम्ही, कोर्ट फी तुमची, पुरावाही तुम्हीच आणायचा. भूमी अभिलेखची मोजणी आधी करून घ्या; नकाशाशिवाय दावा लंगडा. मालकीच्या जोरावर ताबा मागायला १२ वर्षांची मुदत असते. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, दिवाणीत कुणाचं पारडं जड ते बघतात. म्हणून मारहाणीत सुटलेला शेजारी धुऱ्याच्या दाव्यात हरूही शकतो.

अपिलातही तोच खेळ: 'जिल्हा व सत्र न्यायाधीश' एकच, दिवाणीला जिल्हा, फौजदारीला सत्र. त्याच्यावर, बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत, हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ.

वहिवाटीची पांधण (शेतात जायची वाट) अडवली असेल तर मात्र आधी तहसीलदाराकडे जा. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं ६ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. पेरणी-सवंगणीच्या धांदलीत हीच मुदत हमखास हुकते.

तुमची केस कुठली ते कळत नसेल तर तिचा नंबर बघा. आर.सी.एस. असेल तर दिवाणी, आर.सी.सी. असेल तर फौजदारी.